निवासी झोनिंगमधील नियमशिथिलता (अमेरिका)

शहराचे निवासी, व्यापारी असे विभाग (झोन) पाडून प्रत्येकात काय आणि कसे बांधावे हे ठरवणाऱ्या नियमांना झोनिंग म्हणतात. झोनिंगचा नियम शब्दशः लावल्यास एखाद्या भूखंडावर अनाठायी जाच होत असेल, तर तेवढ्या भूखंडापुरता तो नियम सैल करण्याच्या स्थानिक शासनाच्या निर्णयाला अमेरिकेत नियमशिथिलता किंवा ‘व्हेरियन्स’ म्हणतात. शिथिलतेने मूळ नियम बदलत नाही आणि नकाशावरील झोनही तोच राहतो. झोन बदलणे हे निवडून आलेल्या परिषदेचे कायदा करण्याचे काम आहे, तर शिथिलता देणे हे अशा अर्जांची सुनावणी करणाऱ्या स्थानिक अपील मंडळाचे अर्धन्यायिक, म्हणजे न्यायालयासारखे पुरावा पाहून निकाल देण्याचे, काम आहे.

संपूर्ण शहराला लागू होणारी अमेरिकेतील पहिली सर्वंकष झोनिंग नियमावली न्यूयॉर्कने १९१६ मध्ये स्वीकारली आणि तिच्यासोबतच अपील मंडळाचीही तरतूद केली. नियम लिहिणाऱ्यांना प्रत्येक भूखंडाचा उतार आणि आकार आधी दिसत नाही. शिवाय अपवादाची वाट ठेवली नाही, तर एखाद्या जाचक प्रकरणावरून न्यायालय नियमच अवैध ठरवील, अशी धास्ती होती. पुढे संघराज्याच्या वाणिज्य खात्याने राज्यांसाठी नमुना कायदा तयार केला (१९२४, सुधारित १९२६). त्यात पाच सदस्यांचे मंडळ सुचवले होते आणि शिथिलतेसाठी त्यांपैकी चौघांची संमती आवश्यक मानली होती. शिथिलता सहज मिळू नये, हा हेतू या अटीतून स्पष्ट दिसतो.

शिथिलता दोन प्रकारची असते. पहिलीत सामासिक अंतर (इमारत आणि भूखंडाची हद्द यांत मोकळी सोडायची जागा), उंची किंवा भूखंडाचे किमान क्षेत्रफळ यांसारख्या मोजमापांत सूट मिळते. दुसरीत त्या झोनमध्ये निषिद्ध असलेल्या वापराला, उदाहरणार्थ निवासी झोनमध्ये दुकानाला, मुभा मिळते. दुसऱ्या प्रकाराने वस्तीचे रूपच पालटू शकते, म्हणून तिचे निकष कडक आहेत आणि कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्याने ती देण्यास मनाईच केली आहे. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९३९ मध्ये ‘ऑटो विरुद्ध स्टाइनहिल्बर’ या खटल्यात वापर-शिथिलतेसाठी तीन गोष्टी सिद्ध करण्यास सांगितले : नियमानुसार वापरल्यास जमिनीतून वाजवी उत्पन्न निघत नाही, ही अडचण त्या जमिनीची खास आहे, सगळ्या परिसराची नव्हे, आणि मागितलेल्या वापराने वस्तीचे मूळ स्वरूप बिघडणार नाही.

सर्वाधिक वाद होतो तो ‘अडचण’ या शब्दावर. अडचण जमिनीची असावी लागते, मालकाची नव्हे. भूखंड त्रिकोणी आहे, मध्येच खडक आहे किंवा मागची बाजू एकदम उतरती आहे, ही कारणे ग्राह्य ठरतात. कुटुंब वाढले किंवा जास्त नफा हवा आहे, ही ठरत नाहीत. हा भेद कठोर वाटतो, परंतु तो सोडल्यास ज्याची कहाणी अधिक हृदयस्पर्शी त्याला सूट, असा प्रकार सुरू होईल. स्वतः ओढवून घेतलेली अडचणही सामान्यतः चालत नाही. न्यूयॉर्क राज्यात मात्र १९९२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार मोजमापांच्या शिथिलतेत अर्जदाराचा लाभ आणि परिसराची हानी यांची तुलना केली जाते, आणि स्वतः ओढवलेली अडचण तेवढ्यानेच अर्ज फेटाळण्यास पुरेशी ठरत नाही. वापर-शिथिलतेत ती अर्जाला मारकच ठरते.

बांधकाम परवानगी नाकारली गेल्यावर मालक मंडळाकडे अर्ज करतो, शेजाऱ्यांना सूचना जाते आणि जाहीर सुनावणी होते. सुनावणीत किती शेजारी विरोधाला आले हे मोजून निकाल देणे चुकीचे आहे, कारण शेजाऱ्यांची साक्ष पुरावा असते, मतदान नव्हे. पाणी कुठे साचेल किंवा कोणत्या खिडकीचा उजेड जाईल हे सांगणारा एक शेजारी नुसत्या नाराजीच्या शंभर सह्यांहून अधिक मोलाचा असतो. मंडळाने गरजेपुरतीच, कमीत कमी सूट द्यावी आणि कुंपण, झाडे, खिडक्यांची दिशा अशा अटी घालाव्यात, अशी अपेक्षा असते. निर्णयाची कारणे लेखी नोंदवणे यात कळीचे आहे : न्यायालय सहसा मंडळाच्या जागी स्वतःचे मत ठेवत नाही, निर्णयामागे पुरावा आणि कारण आहे का एवढेच तपासते, आणि कारणे नसतील तर प्रकरण परत पाठवू शकते. दिलेली शिथिलता साधारणतः जमिनीला चिकटून राहते. घर विकले तरी नव्या मालकाला ती सूट मिळते आणि तिच्या अटीही पाळाव्या लागतात.