म्हाताऱ्या माणसांना लस द्यायची, पण डॉक्टरांची तयारी कुठून सुरू झाली?

फ्लू, कोविड आणि आरएसव्ही, श्वसनाच्या या तिन्ही व्हायरसवर आता वयस्कर लोकांसाठी लस आहे, मग अमेरिकेत डॉक्टर, नर्स, फार्मासिस्टना त्यासाठी वेगळं ट्रेनिंग कशाला, सुई तर सगळ्यांनाच टोचता येते ना? येते, पण सुई हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

फ्लूची लस तिथे १९४५ मध्ये आली. १९५७ च्या साथीत म्हातारी माणसं फार गेली आणि १९६० मध्ये सरकारने सांगितलं की ६५ च्या पुढच्यांनी दरवर्षी ही लस घ्यावी. सांगितलं खरं, पण ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स म्हणजे मेडिकेअर, तो फ्लूच्या लसीचे पैसे द्यायला लागला १९९३ मध्ये! एवढ्या वर्षांत लस म्हणजे लहान मुलांच्या डॉक्टरांचं काम हेच सगळ्यांच्या डोक्यात बसलं. मोठ्यांच्या डॉक्टरकडे पेशंट येतो तो बीपी, शुगर, गुडघे घेऊन, वेळ संपतो आणि लसीचा विषय राहूनच जातो. म्हणून २०१३-१४ मध्ये मोठ्यांच्या लसीकरणाचे नियम नव्याने लिहिले गेले: प्रत्येक भेटीत बघा कुठली लस राहिलीय, स्पष्ट सांगा की घ्या, तिथेच द्या नाहीतर जिथे मिळेल तिथे पाठवा, आणि नोंद करा.

त्यात म्हातारपणी शरीराचा लसीला प्रतिसादच कमी होतो, त्यामुळे चौपट अँटिजेनची (म्हणजे शरीराला व्हायरस ओळखायला शिकवणारा लसीतला मुख्य घटक) हाय-डोस फ्लू लस २००९ मध्ये मंजूर झाली, आणि २०२२ पासून ६५ च्या पुढे ती किंवा तशाच जास्त जोरदार लसी आधी द्या असं ठरलं. म्हणजे फ्रीजमधली हाताला लागेल ती लस उचलून चालत नाही.

आरएसव्हीचं तर आणखी वेगळं. हा व्हायरस १९५६ मध्ये चिंपांझींमध्ये सापडला आणि लगेच पुढच्या वर्षी तान्ह्या बाळांमध्ये, म्हणून त्याच्यावर बाळांचा आजार हा शिक्काच बसला. साठच्या दशकात बाळांवर लसीची ट्रायल झाली, त्यात लस घेतलेल्या मुलांनाच नंतर आजार जास्त जोरात झाला, दोन मुलं गेली आणि काम कितीतरी वर्षं थंडावलं. म्हाताऱ्यांनाही हा व्हायरस चांगलाच आडवा पाडतो हे २००५ च्या अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरातल्या अभ्यासात ठळकपणे दिसलं, पण डॉक्टर तपासणीच करत नसत, न्यूमोनिया म्हणून मोकळे. २०१३ मध्ये व्हायरस ज्याच्या जोरावर पेशीत शिरतो त्या एफ प्रोटीनचा खरा आकार सापडला आणि मे २०२३ मध्ये एकदम दोन लसी मंजूर झाल्या, अरेक्स्वी आणि अब्रिस्वो.

आणि इथेच गडबड झाली असं मला मनापासून वाटतं. जून २०२३ चा सल्ला होता, साठीच्या पुढे डॉक्टर आणि पेशंटने मिळून ठरवावं. ऐकायला छान, पण आजी विचारतात "घेऊ का?" आणि समोरून "तुम्हीच बघा" आलं की त्या घेत नाहीत, एवढं साधं आहे. वर्षभरात सल्ला बदलला, ७५ च्या पुढे सगळ्यांनी घ्यावी, ६० ते ७४ मध्ये हार्ट, फुप्फुस, डायबेटिस वगैरेमुळे धोका जास्त असलेल्यांनी, आणि २०२५ मध्ये ५० ते ५९ चे असे लोकही आले. ओपीडीत बसलेल्या माणसाने हे सगळं कधी वाचायचं?

हाताशी करायच्या गोष्टीही आहेतच. अरेक्स्वीच्या दोन कुपी असतात, एकीत पावडर, दुसरीत द्रव, आणि अँटिजेन पावडरीत असतं, नुसता द्रव टोचला तर लस दिलीच नाही! अब्रिस्वो गरोदर बाईला चालते, अरेक्स्वी नाही, आणि ही अदलाबदल खरंच झाली, २०२४ च्या सुरुवातीला त्याबद्दल सरकारी सूचना काढावी लागली. दंडात सुई फार वर गेली तर खांदा महिनोन्महिने दुखू शकतो.

शिवाय फ्लूची लस दरवर्षी, आरएसव्हीची आत्तापर्यंत तरी एकदाच. आणि तिचे पैसे मेडिकेअरच्या औषधांच्या भागातून मिळतात, त्यामुळे बरेच लोक ती फार्मसीत घेतात, मग डॉक्टरच्या फाइलमध्ये नोंदच नसते आणि पुढच्या वर्षी आजींना परत विचारलं जातं, तुम्ही ही घेतलीय का हो?