पक्क्या परवान्याची चाचणी: आधी गाडी पास होऊ द्या

शिकाऊ परवाना निघाला, वावराच्या वाटेवर हात बसला, आठचा आकडाही जमू लागला. तरी चाचणीच्या दिवशी कितीतरी पोट्टे गाडी सुरू न करताच परत येतात. गाडी येते चांगली. अडतं ते गाडीपाशी नाहीतर तिच्या कागदापाशी.

पात्रता थोडक्यात. गिअरची दुचाकी आणि कारसाठी १८ वर्षे पूर्ण हवीत; ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर दुचाकीला पालकांच्या संमतीने १६ चालतात. अर्ज परवान्यांच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर, सोबत वयाचा आणि पत्त्याचा पुरावा. चाळिशी ओलांडली असेल तर नमुना १-अ वर डॉक्टरांचं प्रमाणपत्र.

मुदत मात्र नीट समजून घ्या. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. लोक ‘सहा महिने आहेत की’ म्हणत सोयाबीन निघेपर्यंत थांबतात, मग कापूस वेचणी येते, आणि शेवटच्या आठवड्यात चाचणीचा स्लॉट, म्हणजे ठरलेली वेळ, शोधतात. तालुक्याला भरणाऱ्या आरटीओच्या शिबिराचे दिवस मोजके, स्लॉट कुठून मिळणार? मुदत गेली की शिकाऊ परवान्यापासून पुन्हा सुरुवात.

चाचणीला गाडी दुसऱ्याची चालते, पण प्रकार अर्जातलाच हवा. अर्ज गिअरचा भरायचा आणि बहिणीची स्कूटी घेऊन रांगेत उभं राहायचं, हे फार पाहिलं.

सगळ्यात जास्त माणसं अडतात ती विम्यावर. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) एकदम ५ वर्षांचा मिळतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. एका कागदावर दोन तारखा. कोणी एका वर्षाची तारीख वाचून घाबरतं, कोणी पाच वर्षं उलटली तरी निवांत असतं. थर्ड पार्टीची तारीख चालू आहे ना, एवढं बघा. पीयूसी (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र) बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांना वर्षभराची, जुन्यांना ६ महिन्यांची. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, १५ वर्षांवर गेली असेल तर नूतनीकरण झालंय का, हे मालकाला आधीच विचारा. मोबाइलवरच्या सरकारी डिजिलॉकरमधले कागद कायद्याने चालतात. फक्त चाचणीच्या आवारात नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, घरीच उघडून ठेवा.

आता गाडी. आरसा नीट लावणं आणि इंजिन सुरू करण्याआधीची काळजी घेणं हा चाचणीचाच भाग आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये तसं लिहिलंय. आपल्याकडे मोटारसायकलचे आरसे काढून घरात ठेवायची रीत. ते परत बसवा. मागचा लाल दिवा हाताच्या ब्रेकने लागतो का, पायाच्या ब्रेकने लागतो का, हे वेगवेगळं तपासा. काळ्या मातीचा चिखल स्विचमध्ये बसला की एक हमखास बंद असतो. गाडी गोठ्यात उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडलीय का, तेही पाहा. हॉर्न आणि चारही इंडिकेटर एकदा वाजवून-लावून बघायचे.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते. माणूस ती सोडून देतो आणि दुसऱ्या दिवशी टायर चपटा. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर तो टायर बदलायचाच.

कारवाल्यांनो, हँडब्रेक ओढून बघा. सपाट रस्त्यावर त्याची आठवण कोणाला येते? पण चढावर थांबून गाडी मागे न सरकवता पुढे काढणं चाचणीत आहे. कालव्याच्या पाळूवर चढणारी एखादी वाट शोधून सराव करा. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा येता येतं.

आणि जायचं कसं? शिकाऊ परवान्यावर एकट्याने गाडी नेणं बेकायदेशीर. पक्का परवाना असलेला माणूस सोबत हवा, पुढे-मागे १८ सेंटिमीटरच्या पांढऱ्या चौकोनात लाल ‘एल’ हवा. ऐंशी किलोमीटरवरच्या गावातून मजुरी बुडवून हा सोबती आणायचा कुठून, हे नियम लिहिणाऱ्यांना कोणी विचारलेलं दिसत नाही. तरी भाऊ, काका, शेजारी, कोणाला तरी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि त्याचा परवाना खिशात आहे का ते निघताना विचारा.