ब्लॉगप्रसार : समाजमाध्यमे आणि वाचनखुणांची संकेतस्थळे

ब्लॉगप्रसार : आपल्या ब्लॉगवरील मजकुराचा दुवा समाजमाध्यमांवर, वाचनखुणांच्या संकेतस्थळांवर आणि संदेशांच्या गटांत टाकून वाचक मिळवण्याची पद्धत. बोलताना एवढे लांबलचक कुणी म्हणत नाही. ब्लॉगर फक्त ‘लिंक टाकली’ म्हणतो. ब्लॉगसाठी अनुदिनी आणि जालनिशी, क्लिकसाठी टिचकी, लिंकसाठी दुवा असे शब्द मराठी जालावर घडवले किंवा नव्याने वापरले गेले. त्यांतला ‘दुवा’ सर्वांत जास्त टिकला. आशीर्वाद हा त्याचा जुना अर्थही इथे शोभून दिसतो. प्रस्तुत नोंदीत मुंबई व उपनगरांतील मराठी ब्लॉगरांचा अनुभव मध्यवर्ती धरला आहे.

वर्तमानपत्र सकाळी दारात पडते, मासिक स्टॉलवर टांगलेले दिसते. ब्लॉग मात्र कुणाच्या वाटेत येत नाही, त्याच्याकडे मुद्दाम जावे लागते. गिरगाव-लालबागच्या नाक्यांवर खडूने लिहिलेले फळे असतात, आणि येणाराजाणारा चालता चालता ते वाचतो. ब्लॉगरला असा फळा दुसऱ्याच्या भिंतीवर शोधावा लागतो. त्या भिंती कोणाच्या होत्या आणि त्या एकामागून एक कशा पडल्या, हाच या विषयाचा बराचसा इतिहास आहे.

वाचनखुणांची संकेतस्थळे

पुस्तकात खूण म्हणून दोरा किंवा बसचे तिकीट ठेवतात, तशी संगणकाच्या ब्राउझरमध्ये खूण ठेवता येते; पण ती आपल्यापुरती. २००३ मध्ये जोशुआ शॅक्टर यांनी सुरू केलेल्या डिलिशसने ही खूण चारचौघांत मांडली. दुवा साठवायचा, त्याला दोनचार शब्दांच्या चिठ्ठ्या (टॅग) चिकटवायच्या, आणि एकाच दुव्यावर अनेकांच्या खुणा पडल्या की तो लोकप्रिय यादीत चढायचा. डिसेंबर २००४ मध्ये आलेल्या डिगने खुणेच्या जागी मत आणले, तर २००५ मध्ये सुरू झालेल्या रेडिटवर वर आणि खाली अशी दोन्ही मते देता येत. स्टंबलअपॉनची तऱ्हा वेगळी होती : बटण दाबले की आपल्या आवडीच्या विषयातले कुठले तरी पान समोर येई. ब्लॉगरच्या दृष्टीने या सगळ्यांचा उपयोग एकच. पान वरच्या यादीत गेले की एका दिवसात इतके वाचक येत की साधा सर्व्हर कोलमडून पडे.

पुढे डिलिशस याहूने २००५ मध्ये घेतले, २०११ मध्ये विकले आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड या तशाच दुसऱ्या स्थळाच्या हाती गेल्यावर त्यात नवीन दुवे टाकणे बंद झाले. डिगने २०१० मध्ये केलेला कायापालट वापरणाऱ्यांना रुचला नाही आणि बरेच जण रेडिटकडे वळले. स्टंबलअपॉन २०१८ मध्ये बंद झाले. नंतर वाचण्यासाठी दुवे ठेवण्याची सोय देणारे पॉकेट मोझिलाने जुलै २०२५ मध्ये बंद केले. मोठे म्हणावे असे रेडिट तेवढे राहिले.

मराठी ब्लॉगरांना या मंडळींचा फारसा लाभ झाला नाही. पहिली अडचण भाषेची : वरची यादी इंग्रजीची, तिथे मराठी शीर्षकाला मत कोण देणार? दुसरी चिठ्ठ्यांची. एकाने ‘मुंबई’ लिहिले, दुसऱ्याने ‘मुम्बई’, तिसऱ्याने रोमन लिपीत लिहिले, की एकाच शहराच्या तीन चिठ्ठ्या होत आणि तिघांचे वाचक तीन खोल्यांत बसत. मराठीत हे काम केले ते ‘मराठी ब्लॉग विश्व’सारख्या संकलकांनी. त्यांत खूण ठेवणारा माणूस नव्हताच. एकदा ब्लॉग नोंदवला की नव्या नोंदीचे शीर्षक आपोआप यादीच्या वर येई आणि पुढचे कुणी लिहिले की खाली सरके. निवड नसल्याने दर्जाची हमी नव्हती. पण नवख्याला पहिले वाचक तिथेच भेटत, आणि संकलकाचे बोधचिन्ह ब्लॉगच्या बाजूपट्टीत डकवणे हा तेव्हाचा शिष्टाचार होता. त्याच पट्टीत पुढे स्टार माझा (आजचा एबीपी माझा) वाहिनीच्या ‘ब्लॉग माझा’ स्पर्धेचे चिन्हही मिरवले गेले. ‘वाचनखूण’ हा शब्द मराठी वाचकाला मिसळपावसारख्या मराठी लेखन-चर्चेच्या स्थळांनी दिला, पण तिथली खूण पुन्हा आपल्यापुरतीच.

एक उपद्रवही सांगायला हवा. दुव्यांची संख्या पाहून गूगल पान वर आणते हे कळल्यावर शेकडो वाचनखूण-स्थळांवर एकच दुवा टाकून देण्याचा धंदा निघाला आणि त्याची ‘सबमिशन पॅकेजे’ मुंबईतही विकली गेली. जानेवारी २००५ पासूनच ‘नोफॉलो’ ही खूण लावलेले दुवे गूगलच्या हिशेबात धरले जात नव्हते. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने शोधपद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाने विकत घेतलेल्या दुव्यांची उरलीसुरली पत घालवली. अशा पॅकेजवर आज खर्च केलेला पैसा म्हणजे समुद्रात टाकलेला पैसा.

देवनागरी पत्त्याचे दुखणे

दुवा टाकायचा तर तो दिसायला बरा हवा. मराठी ब्लॉगरचे हात इथे वर्षानुवर्षे बांधलेले होते. गूगलच्या ब्लॉगस्पॉट या ब्लॉगसेवेवर देवनागरी शीर्षक दिले की पत्ता बनवताना ती अक्षरे गाळली जात आणि उरे नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ व पुढे एखादा आकडा. आजीच्या आठवणी असोत की मेगाब्लॉकवरचा संताप, पत्ता तोच. यावर जाणकारांनी युक्ती काढली : आधी रोमन लिपीत शीर्षक देऊन नोंद प्रसिद्ध करायची, पत्ता बनला की मागे जाऊन शीर्षक मराठी करायचे.

वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉगसेवेवर उलटा त्रास. तिथे पत्ता मराठीत राही, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की टक्क्याच्या चिन्हांची माळ होई. कारण साधे आहे : देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा अनुस्वार, युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत ३ बाइट घेते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट ३ रोमन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एका कान्याला ९ चिन्हे. ‘वडापाव’ या सुटसुटीत शब्दाची ५४ होतात. ‘शिवाजी पार्कचा कट्टा’ हे शीर्षक १६४ चिन्हांवर जाते, आणि ट्विटरची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पर्यंत १४० अक्षरांची होती. टायनीयूआरएल किंवा बिटली वापरून पत्ता आखूड करावा लागे. पुढे ट्विटर ते काम स्वतःच करू लागले. तोवर कित्येकांनी मराठी मजकुराला रोमन पत्ता देण्याची सवय लावून घेतली होती, आणि ती अजून सुटलेली नाही.

ऑर्कुटपासून फेसबुकपर्यंत

मराठी तरुणांची पहिली मोठी भिंत म्हणजे गूगलचे समाजमाध्यम ऑर्कुट. तिथल्या समुदायांत आणि मित्रांच्या स्क्रॅपमध्ये (निरोपांच्या पानावर) दुवे टाकले जात. सप्टेंबर २०१४ मध्ये ते बंद झाले, तेव्हा वस्ती आधीच फेसबुकवर हलली होती. नेमाने वाचणारे गूगल रीडर वापरत; आवडत्या ब्लॉगांच्या नव्या नोंदी तिथे एकत्र दिसत. १ जुलै २०१३ ला तेही गेले, आणि ब्लॉगरने काही न कळवताही आपणहून येणारा निष्ठावंत वाचक एकाएकी कमी झाला. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने पानांपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या नोंदींना प्राधान्य द्यायचे ठरवल्यावर ब्लॉगचे वेगळे पान चालवणाऱ्यांची पोच आटली. ‘लिंक पहिल्या कमेंटमध्ये’ हे वाक्य त्यातूनच रूढ झाले : बाहेर नेणारा दुवा मूळ नोंदीत असला तर फेसबुक ती कमी लोकांना दाखवते, असा ब्लॉगरांचा समज आहे. इन्स्टाग्रामवर मजकुरातला दुवा टिचकीने उघडतच नाही, म्हणून ‘लिंक बायोमध्ये’.

लोकल, व्हॉट्सअॅप आणि ढकलपत्र

मुंबईत ब्लॉग वाचण्याची जागा बदलली तसा प्रसारही बदलला. आधी ते जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या संगणकावर चाले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात फुकट वायफाय आले, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले आणि वाचन लोकलमध्ये शिरले. डोंबिवलीहून सुटलेल्या सकाळच्या फास्टमध्ये एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात हनुवटीजवळ धरलेला फोन, अशा अवस्थेत जे अंगठ्याने उघडता येईल तेच वाचले जाते.

व्हॉट्सअॅपवर दुव्याखाली चित्र, शीर्षक आणि दीड ओळ अशी चौकट उमटते. ती पाठवणाऱ्याच्याच फोनवर तयार होते. त्यामुळे दुवा चिकटवल्यावर क्षणभर थांबावे लागते. दोन स्टेशनांच्या मधे रेंज गेली किंवा घाई केली, तर जाते ती नुसती निळी ओळ, आणि तिच्यावर टिचकी पडण्याची आशा थोडी. चित्र व शीर्षक कुठून उचलायचे हे पानात दडलेल्या खुणांवरून ठरते (ही रीत फेसबुकने २०१० मध्ये आणली). त्या नीट भरल्या नाहीत तर पावसाळी भटकंतीच्या लेखाला बाजूपट्टीतला भलताच फोटो लागलेला दिसतो.

खरी गोम पुढे आहे. मराठी वाचक दुवा पाठवण्यापेक्षा मजकूर पाठवतो. ईमेलच्या काळातच याला ‘ढकलपत्र’ असे नाव पडले होते. लेख आवडला की तो पूर्ण उचलायचा, वर ‘आवर्जून वाचा’ घालायचे आणि कुटुंबाच्या, सोसायटीच्या, शाळूसोबत्यांच्या गटात ढकलायचा. त्यामागे वाईट हेतू क्वचितच असतो. दुवा उघडायला डेटा लागतो, मावशींना ते जमत नाही, आणि लेख इथेच वाचता आला तर बाहेर कशाला जा, असा साधा विचार असतो. दोन-तीन गट फिरेपर्यंत लेखकाचे नाव गळते. आणखी पुढे ‘लेखक अज्ञात’ येते, किंवा मजकूर थोडा मिश्कील वा भावुक असला तर त्याखाली पु. ल. देशपांडे नाही तर व. पु. काळे यांचे नाव लागते. लेख हजारो लोक वाचतात आणि ब्लॉगच्या आकडेवारीत त्यांतला एकही दिसत नाही. दुवा फिरला तरी हिशेब अर्धवटच : गटातून आलेला वाचक ब्लॉगला बहुधा ‘थेट आलेला’ म्हणून दिसतो. अमेरिकी पत्रकार अलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ मध्ये अशा न दिसणाऱ्या वाटपाला ‘डार्क सोशल’ म्हटले. प्रसार म्हणजे वाचकाला लेखकापाशी आणणे, असे धरले तर मराठीत सर्वाधिक पसरलेले लेख हे प्रसाराच्या दृष्टीने सर्वांत फसलेले लेख होत.

व्हॉट्सअॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी ५ ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशासाठी ती १ वर आणली. ढकलपत्राला तिची फारशी झळ लागली नाही; कॉपी करून चिकटवलेला मजकूर नवाच संदेश ठरतो.

कायदा आणि उपाय

ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पैसे घेऊन लिहिलेल्या मजकुराचा दुवा टाकताना तो जाहिरात असल्याचे सांगावे, असे मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेचे २०२१ चे निर्देश सांगतात. नाव गळण्याबाबत १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा लेखकाच्याच बाजूचा आहे : हक्क विकले तरी आपले नाव मागण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे त्याच्याकडे राहतो. पण सोसायटीच्या गटावर दावा लावायला कोण जातो?

म्हणून उपाय घरगुतीच राहिले. काहींनी माऊसचे उजवे बटण बंद केले. त्याने चोर अडला नाही, प्रामाणिक वाचक मात्र वैतागला. काही जण पहिला परिच्छेद गटात टाकून पुढच्यासाठी दुवा देतात, आणि गोष्ट असेल तर तो नेमका उत्कंठेवर तोडतात. काही जण स्वतःच पूर्ण लेख ढकलतात, खाली नाव आणि पत्ता घालून. त्यातल्या अनुभवी मंडळींनी नाव शेवटी लिहिणे सोडून दिले आहे. ते लेखाच्या पोटात, मधल्याच एखाद्या वाक्यात स्वतःचे आणि ब्लॉगचे नाव ओवतात, कारण कापणारा बहुधा वरचे आणि खालचेच कापतो.