दत्तक घेणं वेगळं, सांभाळायला घेणं वेगळं

गेल्या आठवड्यात पुन्हा तोच फोन आला. पलीकडे इतवारीतल्या एक बाई होत्या, पस्तिशीच्या आसपासच्या. "ताई, दत्तकाचा नंबर लागायला तीन-चार वर्षं लागतात म्हणे. तोपर्यंत ते फॉस्टरवालं एखादं बाळ भेटते का? जमलं तं मग दत्तकच करून टाकू."

बोलणं अगदी सरळ मनाचं होतं. पण गेली सोळा वर्षं नागपुरात गृहभेटी करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते एकदा नीट लिहूनच काढते. "तोपर्यंत" आणि "जमलं तर" हे दोन शब्द लेकरांना फार महागात पडतात. त्यांना घरी नेणाऱ्या चांगल्या माणसांनाही पडतात.

दत्तक म्हणजे काय हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये औरस वारस मागे न ठेवता वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं, हे आपण शाळेत घोकलंय. म्हणजे दत्तक, वारस आणि घराण्याचं नाव या तीन गोष्टी आपल्या डोक्यात एकाच गाठोड्यात बांधलेल्या आहेत. आजचं दत्तक मुलासाठी असतं, घराण्यासाठी नाही, एवढा फरक सोडला तर मूळ कल्पना तुम्हाला माहीत आहे ती बरोबरच आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी करायची, गृहभेट होते, पाळी आली की विशेष दत्तक संस्थेतलं मूल सुचवलं जातं, आणि शेवटी आदेश निघतो. हा आदेश आधी न्यायालय द्यायचं, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. आदेश निघाला की ते मूल तुमच्या पोटी जन्मल्यासारखंच तुमचं, वारसाहक्कासकट. जन्माच्या घराशी असलेलं त्याचं कायदेशीर नातं त्या तारखेला संपतं. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दवाखान्यातून बाळ आणणारे अजूनही भेटतात, म्हणून सांगते: नोटरीने कुणाचंही मूल कुणाचं होत नाही, आणि या कायद्याखाली तो गुन्हा आहे.

आता प्रतिपालकत्व, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणं, ज्याला सगळे फॉस्टर म्हणतात.

घोळ इथूनच सुरू होतो, आणि त्यात लोकांचा दोष निम्माच आहे. दत्तकाच्या प्रक्रियेत मूल सुचवलं गेलं, तुम्ही होकार दिला, की आदेश येण्याआधीच ते मूल तुमच्या घरी येतं. त्या मधल्या काळाचं सरकारी नाव 'दत्तकपूर्व फॉस्टर केअर' असं आहे. शेजारच्या वहिनी सांगतात, "आम्ही आधी फॉस्टरवर आणलं, मग दत्तक झालं." त्या खोटं बोलत नाहीत. पण त्यांचं मूल आधीच दत्तकासाठी मोकळं झालेलं होतं, फक्त कागद यायचा बाकी होता. हे ऐकून दुसरा माणूस ज्या प्रतिपालकत्वासाठी येतो, ते निराळं. तिथलं मूल दत्तकासाठी मोकळं नसतं. त्याचं कुणीतरी असतं. आई आजारी असते, बाप तुरुंगात असतो, किंवा घर सध्या मूल ठेवण्यासारखं नसतं. एकच शब्द दोन ठिकाणी वापरला गेला आणि त्याची किंमत मुलं मोजतात. मला विचाराल तर दत्तकाच्या फाइलीतून तो शब्द काढूनच टाकावा.

माझ्यापुरतं मी हे असं सांगते. दत्तकात मूल कुणाचं, हे बदलतं. प्रतिपालकत्वात मूल कुणाकडे, एवढंच बदलतं.

कायद्याच्या कलम ४४ मध्ये हे स्वच्छ लिहिलंय. मूल कुटुंबात ठेवण्याचा आदेश बाल कल्याण समिती देते. समितीला काही धोका वाटला नाही तर जन्मदाते आई-वडील त्याला ठरावीक काळाने भेटू शकतात. त्यांची परिस्थिती सुधारली अशी समितीची खात्री झाली, तर मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. त्याच कलमात हेही आहे की समितीने दत्तकयोग्य ठरवलेलं मूल दीर्घकाळाच्या प्रतिपालकत्वात द्यायचं नाही. म्हणजे "जमलं तर दत्तक" असं म्हणून जे बाळ तुम्ही मागताय, ते या दारातून मिळतच नाही. या दारातून येतं ते साधारण सहा वर्षांवरचं लेकरू, स्वतःचं नाव, आडनाव, आठवणी आणि माणसं घेऊन.

एक घर सांगते. मुलाची ओळख उघड करायची नसते, म्हणून काही तपशील बदललेत.

मुलगा नऊ वर्षांचा. आई कळमना बाजारात मिरच्यांचे देठ खुडायची. तिला औषधांना दाद न देणारा क्षयरोग झाला आणि मागे सांभाळायला कुणी नव्हतं. मुलगा आधी बालगृहात, आणि तिथून समितीच्या आदेशाने नंदनवनमधल्या एका जोडप्याकडे आला. जोडपं मूलबाळ नसलेलं, अतिशय मायाळू. त्यांना एका कार्यालयात कुणीतरी सांगितलं होतं, "आधी फॉस्टर घ्या, पुढे दत्तक होऊन जाईल." मी त्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतीवर मुलाचं नाव रंगवून झालं होतं. त्यापुढे त्यांचं आडनाव होतं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मूल परत जाऊ शकतं हे मान्य करणाऱ्या हमीपत्रावर दोघांच्या सह्या होत्या, म्हणजे त्यांना ठाऊक असणार, असं मी धरून चालले. ती माझी चूक, आणि तेव्हापासून मी हमीपत्र मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आई भेटायला आली. तिचे उपचार संपत आले होते, अंगावर जरा मांस धरलं होतं. पोरगा गल्लीत लाकडी बैल ओढत घरोघर फिरून आलेला, खिसा बोजाऱ्याने जड झालेला. त्याने ओट्यावर नाणी ओतली, मोजली, निम्मी आईच्या हातात ठेवली आणि उरलेली घेऊन आत स्वयंपाकघरात गेला. बाहेर आला तेव्हा हात रिकामे होते. तो दोघींनाही आई म्हणायचा. कुणाबद्दल बोलतोय हे कळावं म्हणून एकीला "घरची आई" आणि दुसरीला "नंदनवनची आई" म्हणायचा. मोठी माणसं जे फाइलीत वाचूनही समजून घेत नव्हती, ते त्याने दोन नावांत नीट लावून ठेवलं होतं.

पाच महिन्यांनी समितीने त्याला आईकडे परत पाठवलं. त्या दिवशी नंदनवनच्या आई मला म्हणाल्या, "दीड वर्ष तापात उशाशी बसलो, अन् आता आमचं काहीच नाही? ताई, पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोराने कपड्यांची पिशवी आणि दप्तर घेतलं. बैल तिथेच ठेवला, पुढच्या पोळ्याला लागेल म्हणून.

प्रतिपालकत्वाच्या दृष्टीने हे सगळं अगदी जसं व्हायला हवं तसं झालं. आई बरी झाली, मूल तिच्याकडे गेलं, मधली दीड वर्षं ते संस्थेऐवजी घरात राहिलं, तिसरीतून चौथीत गेलं. त्या जोडप्याने फार मोठं काम केलं. पण ते दत्तक समजून बसले होते, म्हणून त्यांच्या वाट्याला ते काम मूल हिरावल्यासारखं आलं. दोष योजनेचा नव्हता. ज्याने त्यांना "पुढे दत्तक होऊन जाईल" असं सांगितलं, त्याचा होता. न सांगणाऱ्या माझाही होता.

मग प्रतिपालकत्वातून दत्तक कधी होतच नाही का? होतं. पुढे काही कारणाने ते मूल कायद्याने मोकळं ठरलं आणि तोवर किमान दोन वर्षं तुमच्याकडे राहिलेलं असलं, तर दत्तकासाठी तुमचा विचार आधी होतो. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती दोनवर आणली. पण ते मोकळं होणं म्हणजे जन्मदात्यांचं घर पुन्हा उभं राहिलंच नाही, असा त्याचा अर्थ असतो. त्या आशेवर मूल घरी आणणं म्हणजे त्या पोराची आई बरी होऊ नये असं मनात धरून रोज त्याच्या ताटात वाढणं. हे मी कडक शब्दांत लिहितेय आणि ते तसंच राहू देते.

बाकीचे फरक पटकन. प्रतिपालकत्वात आडनाव बदलत नाही, वारसाहक्क येत नाही. समितीने दर महिन्याला पाहणी करायची असते, तिचा राग धरू नका. खर्चाला मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून दर मुलामागे महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. ते पैसे मुलाचे असतात. एकट्या व्यक्तीलाही आता मूल सांभाळायला घेता येतं, वय ३५ ते ६० हवं, मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. दत्तकातही तोच नियम.

आपल्या राज्यातलं बालसंगोपन तिसरंच. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. कोविडनंतर एकट्या पडलेल्या कितीतरी आयांनी त्यासाठी अर्ज केले, आणि त्यांची मुलं त्यांच्याचजवळ राहिली. तिथे मूल कुणाचं हेही बदललं नाही आणि कुणाकडे हेही नाही. "अमक्या उद्योजकाने पन्नास मुलं दत्तक घेतली" असं वर्तमानपत्रात छापून येतं, तेव्हा त्याने फी भरलेली असते. त्याला प्रायोजकत्व म्हणतात. झाड दत्तक, गाव दत्तक, इथवर मी चालवून घेते. मुलांच्या बाबतीत हा शब्द सैल वापरला की मला सहन होत नाही.

एका ठिकाणी मात्र हा फरक पुन्हा मोठा होतो. तो मुलाच्या अठराव्या वाढदिवशी.

दत्तक मुलगा अठरा वर्षांचा झाला की घरात केक कापतात. बालगृहातल्या किंवा प्रतिपालकत्वातल्या मुलाचा त्या दिवशी आदेश संपतो. नंदनवनसारखं एखादं घर त्याला ठेवूनही घेतं, पण ते मायेपोटी. कायदा तिथे थांबलेला असतो. ज्यांना जायला घर नाही त्यांच्यासाठी अनुरक्षणाची सोय आहे: २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत, राहणं, शिक्षण आणि कामधंद्याला लागेपर्यंतचा आधार. अनुरक्षण गृहाला लोक वसतिगृह म्हणतात. वसतिगृहातला मुलगा दिवाळीत घरी जातो, इथल्याला दिवाळीतही तीच खोली असते. म्हणून अठरा पुऱ्या होण्याच्या दोन वर्षं आधीपासून कागद हलायला हवेत: आधार, बँक खातं, जातीचा दाखला निघत असेल तर तो. आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्र, कारण महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना १ टक्का आरक्षण आहे. प्रतिपालकत्वातल्या ज्या मुलाची आई हयात आहे त्याला ते मिळत नाही. सतराव्या वर्षी हे कळून रडलेली मुलं मी पाहिली आहेत.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ ची पद्मश्री मिळाली, ते वर्षानुवर्षं हेच विचारताहेत: टाकून दिलेली दिव्यांग मुलं अठराव्या वर्षी बालगृहातून बाहेर पडून जातील कुठे? त्यांनी अशा मुलांना स्वतःचं नाव दिलं, लग्नं लावली. त्यांच्याकडे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी एमपीएससी उत्तीर्ण झाली. लोक म्हणतात, बाबांनी सव्वाशे मुलं दत्तक घेतली. दत्तक झालं असतं तर अठराचा प्रश्नच उरला नसता. ते बालगृह आहे, म्हणून तर बाबांना सरकारकडे कायदा बदला म्हणून खेटे घालावे लागतात.

इतवारीच्या बाईंकडे मी शनिवारी जाऊन आले. आता प्रत्येक घरी विचारते तोच प्रश्न त्यांनाही विचारला: "रविवारी त्या लेकराची आई दारात आली, तर काय कराल?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "चहा देईन जी. पण पोरगं नाही देऊ शकणार." खरं बोलल्या म्हणून मला बरं वाटलं. मी त्यांना 'कारा'च्या यादीतला नंबर तसाच राहू द्या म्हटलं, वाट पाहा म्हटलं, आणि प्रतिपालकत्वाचा कोरा अर्ज पिशवीत परत ठेवला.