जहाल-मवाळ दुफळी आणि पुण्याची वृत्तपत्रे

सामाजिक सुधारणेच्या वादातून पुण्यात उगवलेली आणि डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस दुभंगवणारी राजकीय फूट, म्हणजे टिळकांचे जहाल आणि गोखल्यांचे मवाळ यांची दुफळी. या फुटीची बातमी देणारी माणसे आणि ती पाडणारी माणसे बहुधा एकच होती. त्या काळचा संपादक हाच पुढारी. सभेत भांडायचे आणि त्याच भांडणावर अग्रलेखही लिहायचा, अशी रीत होती.

सुरुवात घरातल्या घरात झाली. जानेवारी १८८१ मध्ये इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’ निघाले. केसरीचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावरील टीकेच्या प्रकरणात (बर्वे प्रकरण) अब्रूनुकसानीचा खटला होऊन १८८२ साली आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबरच काढले. पुढे १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली आणि अशा बाबतीत सरकारने कायदा करावा काय, यावरून मंडळींत बिनसले. आगरकरांना केसरीत मनासारखे लिहिता येईना. १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले आणि पुढल्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. त्यातली इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. एका पत्रात असताना आगरकर-टिळकांना काहीतरी तडजोड करावी लागे. पत्रे दोन झाली तशी ती निकड संपली. १८९१ मध्ये मुलींचे संमतिवय (शरीरसंबंधास संमतीचे किमान वय) १० वरून १२ वर नेणारा कायदा झाला, तोवर दोन्हीकडची भाषा इतकी तापली होती, की सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

छापील अक्षराचे बळ पाहायचे तर पुण्यातल्या ख्रिस्ती पंचहौद मिशनचे प्रकरण पाहावे. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान) यांनी पुण्यातील प्रतिष्ठितांना मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावले. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा प्यायला, कोणी पेल्याला नुसता हात लावून ठेवून दिला. गोष्ट तेवढ्यावर मिटली असती. पण ‘पुणे वैभव’ पत्रात हजर असलेल्यांची नावे छापून आली; त्यांत महादेव गोविंद रानडे होते, टिळक होते, गोखलेही होते. यादी छापून येईपर्यंत तो चहा होता, त्यानंतर ते ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे भांडण, झाले. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली आणि प्रायश्चित्त घ्यावे की नाही यावर पुणे बराच काळ भांडत राहिले. गंमत म्हणजे सुधारक आणि सुधारणेचे विरोधक, दोघेही त्या चहात सापडले होते.

पुढचे टप्पे भराभर आले. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या मंडपात सुधारकांची सामाजिक परिषद भरवू द्यायची नाही, असा गिल्ला झाला आणि रानड्यांना ती दुसरीकडे न्यावी लागली. सार्वजनिक सभा ही पुण्याची जुनी राजकीय संस्था टिळकपक्षाच्या हाती गेली, तेव्हा रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तावरील सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल विलायतेत केलेले आरोप सिद्ध करता न आल्याने गोखल्यांनी माफी मागितली. ती माफी विरोधी पत्रांना पुष्कळ वर्षे पुरली.

याच सुमारास एक वेगळी लेखनशैली तयार झाली. राजद्रोहाच्या कलमामुळे सरकारवर उघड लिहिणे धोक्याचे होते, म्हणून १८९८ मध्ये निघालेल्या ‘काळ’मध्ये शिवराम महादेव परांजपे वक्रोक्तीने लिहीत : वर स्तुती, आत डंख. वाचकालाही ओळींच्या मधले वाचायची सवय लागली. मात्र हे हत्यार मवाळांवरही चालू लागले, आणि गोखल्यांची टर उडवल्याबद्दल कुणाला तुरुंगात जावे लागत नव्हते. ‘मवाळ’ हा शब्दच बघा. नुसता स्वभाव सांगणारे विशेषण, पण पुण्यात ती शिवी झाली. मवाळांच्या बाजूने १८४९ पासून चालत आलेले ‘ज्ञानप्रकाश’ होते. सौम्य, मुद्देसूद; चुरचुरीत टोमण्यापुढे मात्र ते फिकेच वाटे.

सुरतेच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षाच्या निवडीला हरकत घ्यायला उभे राहिलेले टिळक व्यासपीठावरून हलेनात, तेव्हा गोंधळ उसळला. एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. खुर्च्या, काठ्या नंतर. पुढल्याच वर्षी केसरीतील लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले. परांजपेही तुरुंगात गेले.

या सगळ्या लढाईत वाचणारा वर्ग मुख्यतः ब्राह्मण आणि शहरी होता, हे विसरता येत नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ‘दीनबंधु’ १८७७ मध्ये, म्हणजे केसरीच्याही आधी, कृष्णराव भालेकरांनी काढले होते. बर्वे प्रकरणात टिळक-आगरकरांच्या जामिनाला उभे राहिलेले रामशेठ उरवणे हेही महात्मा फुल्यांच्याच मंडळींपैकी. तरी जहाल-मवाळांच्या हिशोबात ब्राह्मणेतर वाचकाला पक्षच नव्हता. जानेवारी १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही केसरीने छापली नाही, हे त्यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे.