एलपी फिल्टर आणि ड्युअल बँड फिल्टर, दोन्ही एकच नाहीत

घराच्या बागेतून नेब्युलाचे, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे, फोटो काढायला लागलात की हा गोंधळ होतोच, कारण दोन्ही फिल्टर "लाइट पोल्युशनवर उपाय" म्हणूनच विकले जातात आणि दिसायलाही तसेच, काळ्या रिंगमधली आरशासारखी चकाकणारी काच. काम मात्र जवळजवळ उलटं आहे. एलपी म्हणजे लाइट पोल्युशन फिल्टर नको तेवढं अडवतो आणि बाकीचं सोडतो, ड्युअल बँड हवं तेवढंच सोडतो आणि बाकीचं सगळं अडवतो.

एलपीची आयडिया सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळात भारी होती. त्या दिव्यांचा बराचसा उजेड ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास गोळा झालेला असायचा, पाऱ्याच्या दिव्यांचा ५४६ आणि ४३६ ला, तेवढे पट्टे कापले की आकाश खरंच काळवंडायचं. आता रस्त्यावर पांढरे एलईडी. त्यांचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत सलग पसरलेला, मग कापणार काय आणि ठेवणार काय? थोडाफार फरक पडतो, नाही असं नाही, पण फोटोवर रंगाची जी झाक येते ती निस्तरण्यातच अर्धी रात्र जाते.

ड्युअल बँडमध्ये दोनच खिडक्या असतात, एक हायड्रोजन अल्फाची ६५६.३ ला आणि दुसरी ऑक्सिजनची ५००.७ ला. समजा प्रत्येक खिडकी ७ नॅनोमीटरची आहे, तर डोळ्याला दिसणाऱ्या साधारण ३०० नॅनोमीटरपैकी फक्त १४ आत येतात, म्हणजे एलईडीच्या उजेडाचाही जेमतेम विसावा भाग. आणि नेब्युलातला तापलेला वायू नेमका ह्याच लाइन्सवर, म्हणजे ह्याच ठरावीक तरंगलांबींवर, चमकतो, त्यामुळे त्याचं फारसं काही जात नाही. हंसमधला नॉर्थ अमेरिका नेब्युला फिल्टरशिवाय ३० सेकंदातच करड्या पडद्यामागे गडप होतो, तोच ड्युअल बँड लावून ५ मिनिटांच्या एका फ्रेममध्येही त्यातल्या मेक्सिकोच्या आखातासारख्या भागाची कडा दाखवतो. चंद्र वर असला तरी बऱ्यापैकी चालून जातं.

मग सरळ ड्युअल बँडच घ्यावा की! थांबा, इथेच लोक फसतात.

सगळेच नेब्युला स्वतः चमकत नाहीत. कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं म्हणजे धूळ आहे, ती ताऱ्यांचा उजेड फक्त परावर्तित करते आणि ताऱ्यांचा उजेड एलईडीसारखाच सलग असतो. ड्युअल बँडला ह्या दोन्हींतला फरक कळत नाही, तो दोन्ही कापतो. देवयानीतल्या गॅलेक्सीचंही तेच, तिच्यातली लाल नेब्युलांची टिपकी तेवढी छान उठून दिसतात, बाकी गॅलेक्सी मरगळते. एकाच फ्रेममध्ये खात्री करायची असेल तर धनु राशीतला ट्रिफिड, म्हणजे एम २०, घ्या. त्याचा एक भाग लाल, वायूचा, आणि लागूनच निळा, धुळीचा. ड्युअल बँड लावला की लाल भाग काळ्या भेगांसकट खणखणीत येतो आणि निळा जवळपास गायब, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फोकस गेला असं वाटून तासभर फोकसच करत बसलो होतो 😅

"आकाशाचा उजेड प्रोसेसिंगमध्ये वजा करता येतो ना, मग फिल्टर कशाला?" हाही नेहमीचा प्रश्न. उजेड वजा होतो हो, पण त्याच्याबरोबर आलेला नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, वजा होत नाही. तो निम्मा करायचा तर चौपट वेळ शूट करावं लागतं. त्यामुळे धुळीच्या नेब्युलासाठी बागेतून एकच रस्ता, एलपी किंवा काहीच न लावता भरपूर तास, आणि तेही चंद्र नसताना.

दोन बारीक गोष्टी. साधा डीएसएलआर असेल तर सेन्सरसमोरचा कंपनीचा फिल्टरच हायड्रोजन अल्फाचा बराचसा उजेड खातो, त्यामुळे ड्युअल बँड लावून लाल फिकट आलं तर लगेच फिल्टरला शिव्या घालू नका. आणि एफ २ सारख्या फास्ट, म्हणजे उजेड रुंद शंकूत गोळा करणाऱ्या, ऑप्टिक्सबरोबर ३ नॅनोमीटरचा फिल्टर लावणार असाल तर जपून, उजेड तिरका आत शिरला की खिडकी निळ्याकडे सरकते आणि नेमकी हवी ती लाइनच कडेला जाते. अशा वेळी फास्ट ऑप्टिक्ससाठी खास बनवलेला घ्या नाहीतर ७ चाच बरा. ताऱ्यांचे रंग हवे असतील तर त्यांच्यासाठी मी फिल्टर काढून वेगळ्या छोट्या फ्रेम घेतो आणि नंतर मिसळतो.