प्रोबायोटिकची कुपी आणि विष्ठा-प्रत्यारोपण: मुलांच्या बाबतीत गल्लत नको

पावसाळ्यात दादर-परळच्या कुठल्याही केमिस्टकडे थोडा वेळ उभं राहा. ‘मुलाला जुलाब होतायत, ते चांगल्या जंतूंचं औषध द्या’ असं कुणीतरी मागतंच, आणि काउंटरवर गढूळ पाण्याची छोटीशी प्लास्टिकची कुपी, म्हणजे प्रोबायोटिक, येते. याच ‘चांगल्या जंतूं’च्या नावाने आता विष्ठा-प्रत्यारोपणाची, म्हणजे एफएमटीचीही चर्चा होऊ लागली आहे. दोन्ही एकाच जातीचे उपचार, एक सौम्य आणि एक जालीम, असा समज त्यातून होतो. तो खोडून काढायलाच हवा.

कुपीत बहुतेक वेळा बॅसिलस क्लॉसी या एकाच जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, सुप्त रूपं, असतात. काही पुड्यांमध्ये सॅकरोमायसिस बुलार्डी असतं, तो तर जिवाणूही नाही, यीस्ट आहे. कारखान्यात वाढवलेले, नाव माहीत असलेले हे जीव आतड्यात पाहुण्यासारखे येतात आणि औषध थांबलं की काही दिवसांत निघून जातात.

एफएमटीत निरोगी दात्याची विष्ठा सलाइनमध्ये कालवून गाळतात आणि ते द्रावण कोलोनोस्कोपीने (गुदद्वारातून घातलेल्या दुर्बिणीने), एनिमाने किंवा नाकातून घातलेल्या नळीने आतड्यात सोडतात. कॅप्सूलही असतात, पण लहान मुलांना त्या गिळता येत नाहीत. म्हणजे बहुधा भूल नाहीतर नळी आलीच. आणि आत जातात त्या शेकडो प्रजाती, सोबत विषाणू आणि बुरशीही. त्यातले बरेच जण मुक्कामाला राहतात, म्हणून तर उपचार लागू पडतो.

तो लागू पडतो प्रामुख्याने एका आजारात: क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल, म्हणजे सी. डिफचा पुन्हा पुन्हा उलटणारा संसर्ग. अँटिबायोटिकांनी आतड्यातले नेहमीचे जिवाणू मरतात, सी. डिफचे बीजाणू मात्र तगून राहतात आणि मोकळ्या जागेत फोफावतात. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकने जुलाब थांबतात, पण औषध संपलं की काहींना पुन्हा सुरू होतात. 1958 मध्ये डेन्व्हरचे सर्जन बेन आयझमन यांनी आतड्याच्या अशाच गंभीर आजाराच्या चार रुग्णांना विष्ठेचा एनिमा देऊन बरं केलं. 2013 मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत एफएमटी घेतलेल्या 16 पैकी 13 प्रौढ रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले. फक्त व्हँकोमायसिन घेतलेल्या 13 पैकी चारच. मुलांबाबत 2020 मध्ये 18 केंद्रांतल्या 335 रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या, वय 11 महिने ते 23 वर्षं. एका प्रत्यारोपणानंतर 81 टक्के बरे झाले होते. ज्या घरात मूल महिनोन्‌महिने शाळा बुडवून संडासाच्या दाराशी बसलेलं असतं, तिथे हा आकडा फार मोलाचा आहे.

पण हा आकडा दुसऱ्या आजाराला चिकटवू नका. अल्सरेटिव्ह कोलायटिसवर, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या जुनाट आजारावर, लुधियानात आणि दिल्लीच्या एम्समध्ये एफएमटीचा अभ्यास झाला, तो प्रौढांवर. ऑटिझमसाठी कुणी पैसे घेऊन एफएमटी करून देत असेल, तर तिथून सरळ उठून यावं. तसा सिद्ध उपचार नाही.

दात्याची तपासणी हा यातला सगळ्यात नाजूक भाग. 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, इशारा दिला: प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोन प्रौढांना दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूची लागण झाली आणि एक दगावला. आपल्याकडे तर ठणठणीत माणसांच्या आतड्यातही असे जिवाणू सर्रास सापडतात. त्यामुळे ‘बाबांचीच घेऊ, घरचेच आहेत’ हा युक्तिवाद पुरेसा नाही, आणि यूट्यूब पाहून घरी करणं तर जिवावर बेतू शकतं. एचआयव्ही, हिपॅटायटिस, परजीवी, प्रतिरोधक जिवाणू हे सगळं तपासावंच लागतं. अमेरिकेत मंजूर झालेली दोन तयार उत्पादनं, 2022 आणि 2023 ची, 18 वर्षांवरच्यांसाठीच आहेत.

कुपीही अगदी निर्धोक नाही. अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या बाळाला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. साध्या जुलाबांत आधी ओआरएस आणि 14 दिवस झिंक.

आणखी एक. वर्षाखालच्या कित्येक धडधाकट बाळांच्या शीमध्ये सी. डिफ असतोच, त्याने त्यांना काही होत नाही. त्यामुळे इतक्या लहान बाळाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी तेवढ्यावरून एफएमटीचा विषय निघू नये. डॉक्टरांना जुलाबाचं दुसरं कारण आधी शोधायला सांगा.